गारपिटीचा अंदाज वाचावा कसा?

माघ सरत आला की हरभऱ्याचे घाटे वाळू लागतात, गव्हावर पिवळेपणा चढतो, मृग बहाराची संत्री तोडणीला येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोबाईलवर एक रंगीत चौकोन उमटतो : ‘वाशीम जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस व गारपिटीची शक्यता.’ कामरगाव आणि आसपासच्या खेड्यांतील कास्तकारांकडून या एका ओळीविषयी दर हंगामात तीच विचारणा होते. इशारा होता तेव्हा गार पडली नाही, इशारा नव्हता तेव्हा वावर पांढरे झाले. मग या अंदाजावर इतबार ठेवावा, की पंचांगातल्या पर्जन्यफलासारखा ऐकून सोडून द्यावा?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. हवामान खात्याची ही ओळ भविष्यवाणी नसून मोजक्या शब्दांत लिहिलेला दस्तऐवज आहे, आणि सातबाऱ्यावरील प्रत्येक रकान्याला जसा ठरीव अर्थ असतो तसा या ओळीतील प्रत्येक शब्दाला ठरीव माप असते. ते माप ठाऊक नसेल तर खरा अंदाजही खोटा वाटतो. ठाऊक असेल तर अनिश्चित अंदाजावरूनही पक्का निर्णय घेता येतो.

शब्दांची मापे

विदर्भातील जिल्ह्यांसाठीचे अंदाज व इशारे नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतात. त्यांतील मजकूर वाचताना पुढील मापे जवळ असू द्यावीत.

- तुरळक ठिकाणी : क्षेत्रातील १ ते २५ टक्के केंद्रांवर.
- काही ठिकाणी : २६ ते ५० टक्के.
- बऱ्याच ठिकाणी : ५१ ते ७५ टक्के.
- बहुतांश ठिकाणी : ७६ ते १०० टक्के.
- हलका पाऊस : २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. मध्यम : १५.६ ते ६४.४. जोरदार : ६४.५ ते ११५.५. अति जोरदार : ११५.६ ते २०४.४. त्यापुढे अत्यंत जोरदार.

यावरून ध्यानात येईल की ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ या शब्दांतच जिल्ह्याचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कोरडा राहील हे गृहीत धरलेले आहे. आपल्या शिवारात गार पडली नाही म्हणून तो अंदाज चुकला असे होत नाही. याच जिल्ह्यातील रिसोडकडे पडली असेल, तर तो खराच ठरला.

आणखी एक बारकावा पुढे अर्ज-विनंत्यांच्या वेळी कामास येतो. हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला बदलतो. त्यामुळे ६ मार्चच्या संध्याकाळी पडलेला पाऊस सरकारी नोंदीत ७ मार्चच्या तारखेखाली दिसतो. नोंद आणि आपली कैफियत यांत एका दिवसाचा फरक दिसला, तर गोंधळून न जाता ही गोष्ट नम्रपणे दाखवून द्यावी.

रंग काय सांगतो?

रंग पावसाचे माप सांगत नाही. घटना घडण्याची शक्यता आणि घडल्यास होणारा परिणाम, या दोहोंचा मेळ घालून रंग ठरतो.

- हिरवा : इशारा नाही.
- पिवळा : लक्ष ठेवा, ताजी माहिती घेत राहा.
- नारिंगी : तयारी करा.
- लाल : तातडीने कृती करा.

पिवळ्या रंगाला कित्येक जण ‘किरकोळ’ समजतात, आणि तेथेच घात होतो. पिवळ्या दिवशीही एखाद्या शिवारावर पडणारी गार तितकीच कठीण असते. ती कोणाच्या वाट्याला येईल याची खात्री तेवढी कमी असते.

गार इतकी लहरी का?

येथे सिद्धांत फार नको, निर्णयापुरता पुरे. हिवाळ्यात भूमध्य सागराकडून येणाऱ्या आणि ‘पश्चिमी विक्षोभ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणाली हिमालयावर बर्फ टाकतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्यांच्यामागची थंड, कोरडी हवा मध्य भारतावर उंचावरून वाहू लागली, आणि त्याच वेळी खालून बंगालच्या उपसागरावरील दमट वारे विदर्भात शिरले, म्हणजे खाली तापलेली दमट हवा व वर गारठा अशी स्थिती होऊन ढग दहा-बारा किलोमीटर उंच उसळतात. त्या उसळीत पाण्याचे थेंब गोठतात, खाली येऊ पाहतात, पुन्हा वर फेकले जातात आणि थरावर थर चढवीत जड होतात. मोठी गार हाती लागली तर विळ्याने मधोमध चिरून पाहा; कांद्याच्या पाकळ्यांसारखी एकाआड एक दुधी आणि पारदर्शक कडी दिसतील. इंचभर व्यासाची गार ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येते. घाटा फुटायला आणि संत्र्याची साल तडकायला एवढे पुष्कळ होते.

असा एकेक ढग बहुधा अर्धा ते एक तास जगतो, आणि त्याच्या गारांचा पट्टा कित्येकदा काही किलोमीटरच रुंद असतो. म्हणूनच धुऱ्याच्या अलीकडे पीक झोपते आणि पलीकडच्या वावरात पानही फाटत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली दीर्घ गारपीट आणि २०१८ च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्याला बसलेला तडाखा अनेकांच्या स्मरणात असेल; त्या मोठ्या संकटांतही गावागावांतील नुकसान सारखे नव्हते. गारपिटीस पोषक दिवस चार-पाच दिवस आधी ओळखता येतो. गाव आणि शिवार मात्र दोन-तीन तास आधीच, तेही अंदाजाने, सांगता येते.

कोणता अंदाज केव्हा पाहावा?

1. चार-पाच दिवस आधी जिल्हानिहाय इशारा पाहावा. यावरून फक्त कामांची क्रमवारी लावावी : कोणत्या वावराची सोंगणी आधी, कोणत्याचे ओलीत थांबवायचे, मळणीयंत्र वा हार्वेस्टर कोणत्या दिवशी बोलवायचे.
2. मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला पाहावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील केंद्राचा सल्ला ‘मेघदूत’ या ॲपवर मराठीत मिळतो. त्यात पिकानुसार सूचना असतात. केवळ पावसाचा आकडा पाहून ॲप बंद करू नये.
3. आदल्या संध्याकाळी इशारा पुन्हा वाचावा. रंग चढला की उतरला, हे पाहणे एका दिवसाच्या रंगापेक्षा अधिक बोलके असते.
4. त्याच दिवशी दुपारपासून तीन तासांपुरता दिला जाणारा तात्कालिक इशारा पाहत राहावे. गारपिटीच्या बाबतीत सर्वांत भरवशाचा कागद हाच.
5. ढग दिसू लागल्यावर पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप उघडावे. आपल्या ठिकाणाभोवती २० व ४० किलोमीटरच्या टापूतील विजांची हालचाल त्यात दिसते.

नागपूरच्या रडारचे चित्रही अनेक जण पाहतात. पाहावे, परंतु कामरगाव तेथून दीडशे किलोमीटरांहून दूर आहे, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा किरण आपल्या शिवारावर येईतो जमिनीपासून सुमारे तीन किलोमीटर उंच गेलेला असतो. उंच ढग त्याला दिसतो. त्या ढगाखाली आपल्या धुऱ्यावर काय पडते आहे, ते दिसत नाही.

आभाळाचा अंदाज, वावराची स्थिती

काश्मीरात गुलमर्गला बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी जाणारे अनुभवी लोक दोन गोष्टींची गल्लत करीत नाहीत. वरून किती बर्फ पडेल, हा एक प्रश्न. उतारावर आज कसला बर्फ आहे, ताजा की दबलेला, ओला की गोठून कठीण झालेला, हा दुसरा. शिवाय पायथ्याची उंची सुमारे २,६५० मीटर आणि रज्जुमार्गाचे वरचे टोक सुमारे ३,९५० मीटर असल्याने पायथ्याशी पाऊस असताना शिखरावर बर्फ असू शकतो. म्हणून खालच्या अंदाजावर वरचा निर्णय ते सोडत नाहीत.

आपल्यालाही हाच विवेक हवा. अंदाज हा अर्धा कागद. उरलेला अर्धा आपल्या वावरात असतो, आणि तो नागपूरहून कोणी लिहून पाठवणार नाही. इशारा आल्या दिवशी पुढील गोष्टींची पाहणी करून त्या वहीत टिपून घ्याव्यात.

- हरभऱ्याचे किती घाटे वाळले, किती हिरवे आहेत?
- सोंगून ठेवलेला माल वावरात पसरलेला आहे, की सुडी लागली आहे?
- सुडी उंचवट्यावर आहे की सखल जागी? तिच्याभोवती चर काढला आहे का?
- ताडपत्री पुरेशी मोठी आहे का? तिला भोके आहेत का? दोर आणि दगड जागेवर आहेत का?
- संत्र्याचा किती माल तोडणीला आला आहे, आणि व्यापारी केव्हा येऊ शकतो?

निर्णयाचा हिशेब

कामरगावातील एका परिचित कास्तकाराच्या ओसरीवर गेल्या फाल्गुनात बसलो असता हीच चर्चा निघाली. हरभऱ्याची सुडी वावरात होती, इशारा पिवळा होता, आणि मुलगा मोबाईल दाखवून म्हणत होता, “बाबा, तुरळक म्हणते. आपल्याकडं नाही येत.” म्हाताऱ्याने मोबाईलकडे पाहिलेही नाही. तो म्हणाला, “येईल का ते मले काय पुसतं? झाकाले किती लागते अन् नाही झाकली तं किती जाते, ते सांग.”

या एका वाक्यात अंदाजाच्या उपयोगाचे सारे मर्म आले. समजा, सुडीतील माल ४०,००० रुपयांचा आहे आणि ताडपत्री, मजूर, येणे-जाणे मिळून झाकण्याचा खर्च १,००० रुपये आहे. खर्च हा मालाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा झाला. म्हणजे माल पुरता जाण्याची शक्यता चाळिसात एक असली, तरी झाकणे हिशेबाला धरून आहे. तुरळक इशाऱ्याच्या दिवशी शक्यता बहुधा याहून अधिक असते. तेव्हा झाकावेच, आणि गार न पडल्यास हजार रुपये बुडाले असे न मानता राखणदाराचा पगार दिला असे मानावे.

याच रीतीने उलट निर्णयही निघतो. तोच पिवळा इशारा पाहून अर्ध्या हिरव्या घाट्यांचा हरभरा घाईने सोंगला आणि त्यात मालाचा चौथा हिस्सा हातचा गेला, तर चारात एक इतकी शक्यता असल्याखेरीज तो सौदा परवडत नाही. सारांश असा :

- स्वस्त उपाय (सुडी झाकणे, चर काढणे, जनावरे गोठ्यात बांधणे, धान्य छपराखाली आणणे) पिवळ्या इशाऱ्यावरच करावेत.
- मध्यम खर्चाचे उपाय (पिकलेल्या वावराची सोंगणी एक-दोन दिवस आधी उरकणे, तयार संत्र्याची तोडणी अलीकडे ओढणे) नारिंगी इशाऱ्यावर, किंवा पिवळा सलग दोन दिवस टिकल्यास करावेत.
- महाग व न फिरवता येणारे उपाय (अपक्व पीक सोंगणे, पडेल भावात बाग देऊन टाकणे) केवळ रंगाच्या भीतीने करू नयेत.

नेहमीच्या चुका

- एकाच जिल्ह्याचा इशारा पाहणे. कामरगाव ज्यात येते तो कारंजा तालुका वाशीम जिल्ह्याच्या ईशान्य अंगाला असून अकोला, अमरावती व यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांची शीव त्याला लागते. ढगाला महसुली हद्द ठाऊक नसते. शेजारच्या जिल्ह्यांचे इशारेही पाहावेत. या दिवसांतले ढग बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, म्हणून अकोला-बुलढाण्याकडील बातमीला अधिक महत्त्व द्यावे.
- मोबाईलवर फिरत आलेले संदेश खरे मानणे. ज्या संदेशावर तारीख, वेळ आणि देणाऱ्या कार्यालयाचे नाव नाही, त्याची शहानिशा झाल्यावाचून त्यावर मजूर लावू नयेत. गेल्या वर्षीचा इशारा यंदा फिरताना पुष्कळदा आढळतो.
- पंधरा दिवसांपुढची गारपिटीची तारीख मान्य करणे. गारपिटीचे गाव आणि तारीख इतक्या आधी सांगण्याचे साधन आज कोणापाशी नाही. ती जो छातीठोकपणे सांगतो, त्याच्यापासून सावध असावे.
- दुपार कोरडी गेली म्हणून निर्धास्त होणे. हे ढग बहुधा दुपारच्या उकाड्यानंतर, सायंकाळी व रात्रीच्या पहिल्या प्रहरी उठतात.

मालाआधी माणूस

गारेचा ढग हा विजेचाही ढग असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले, की अंतर किलोमीटरांत मिळते; पण आकडा कितीही आला, तरी गडगडाट कानी पडतो आहे म्हणजे आपण टप्प्यात आहोत असेच समजावे. सुडी झाकण्याचे काम ढग येण्यापूर्वी उरकावे. गडगडाट सुरू झाल्यावर ताडपत्रीसाठी वावरात धाव घेऊ नये. एकट्या झाडाखाली, विजेच्या खांबापाशी वा उघड्या टिनाच्या शेडखाली उभे राहू नये. पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे.

गार पडून गेल्यावर

1. वावरात शिरणे सुरक्षित होताच छायाचित्रे घ्यावीत : एक लांबून, धुऱ्यावरची ओळखीची खूण दिसेल असे, एक जवळून, फुटलेले घाटे वा डागलेली फळे दिसतील असे. गार वितळण्यापूर्वी तिच्याशेजारी नाणे ठेवून एक छायाचित्र घेतल्यास आकाराचा पुरावा राहतो.
2. तारीख, वेळ, किती मिनिटे गार पडली आणि किती क्षेत्र बाधित झाले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.
3. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांना तोंडी कळवून थांबू नये. लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.
4. संत्र्याच्या मोडलेल्या फांद्या छाटून जखमांवर बोर्डो मलम लावावे. मात्र छाटणीपूर्वी छायाचित्रे घेण्यास विसरू नये.

आपले हक्क

शासकीय मदत. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट आहे. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असल्यास मदत मिळते. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या केंद्रीय निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकास हेक्टरी ८,५००, बागायती पिकास १७,०००, आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये असे दर ठरले होते आणि मर्यादा दोन हेक्टरांची होती. राज्य शासन वेळोवेळी स्वतंत्र निर्णयाने त्यांत वाढ करते. मदतीसाठी आधी इशारा असावा अशी अट नाही. ‘अलर्टच नव्हता’ हे कारण कोणी पुढे केल्यास ते मान्य करू नये. मदत नुकसानीवर मिळते, इशाऱ्यावर नव्हे.

पर्जन्यमापकाचा मुद्दा. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस, वारा, तापमान व आर्द्रता मोजते. पावसासाठी २४ तासांत ६५ मिलिमीटर हा अतिवृष्टीचा निकष राज्यात चालतो. परंतु गारपिटीच्या नुकसानीला तो लावता येत नाही, कारण दहा मिलिमीटर पावसाबरोबर आलेली गारही वावर झोपवू शकते. येथे प्रत्यक्ष पंचनामाच निर्णायक.

पंचनामा. पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहावे, गट क्रमांक, पीक, क्षेत्र व टक्केवारी वाचून मगच सही करावी. आपल्या पंचनाम्याची प्रत माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागता येते. ई-पीक पाहणीत पीक नोंदलेले नसल्यास मदतीत अडचण येते; ती नोंद मुदतीतच करून घ्यावी.

पीकविमा. येथे जुन्या माहितीने फसगत होते. नुकसान ७२ तासांत कळवले की वैयक्तिक भरपाई, ही तरतूद अनेकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. परंतु राज्याने २०२५ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजनेतील भरपाई पीककापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर आधारित केली आणि एक रुपयातला विमाही त्याच हंगामापासून थांबला. म्हणून प्रत्येक हंगामाची अधिसूचना नव्याने पाहावी. फळपीक विम्याची तऱ्हा निराळी : तेथे गारपिटीचे संरक्षण अधिक हप्ता भरून वेगळे घ्यावे लागते, आणि ते घेतलेले असल्यास ७२ तासांत विमा कंपनीला कळवणे आवश्यक असते. हप्ता भरताना पावतीवर हे संरक्षण लिहिले आहे की नाही, ते तेथेच पाहून घ्यावे.

जीवितहानी. नैसर्गिक आपत्तीत माणूस दगावल्यास वारसांना चार लाख रुपये मिळतात. २०२२ ते २०२६ च्या त्याच केंद्रीय निकषांत दुधाळ गाय-म्हशीस ३७,५०० आणि बैलास ३२,००० रुपये होते. पोलीस पाटील व तहसील कार्यालय यांना तत्काळ कळवून शवविच्छेदन वा पशुवैद्यकीय तपासणी करून घेतल्यावाचून पुढील विधी करू नयेत. त्या तपासणीच्या दाखल्याअभावी प्रकरण अडून राहते.

ओसरीवरच्या त्या हरभऱ्याचे काय झाले, असे आपण विचाराल. सुडी झाकली, त्या रात्री चार थेंब पडले, गार आली नाही, आणि सकाळी मुलगा कुरकुरत ताडपत्री काढू लागला. म्हाताऱ्याने तिची घडी घालण्यापूर्वी ती उन्हाकडे धरून पाहिली. दोन ठिकाणी उजेड आरपार आला. “हे आज शिवून घे,” तो म्हणाला. आपलीही ताडपत्री एकदा उन्हात धरून पाहावी. पुढचा पिवळा चौकोन उमटण्याआधी.